एक भायर आसा

२८ सप्टेंबर २०२५

चि. सुशांत,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की नाही ते तुझं तू ठरव. मोठ्या बहिणीचे आशीर्वाद परत पाठवायची सोय पोस्टात नाही.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललासच तर दुसऱ्या वाक्याला आपलं जुंपतं. कागदावर निदान मला माझं म्हणणं पुरं करता येतं. तुमच्या संस्थेच्या मुंबईच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या की सुदानला जाणाऱ्या माणसाच्या बॅगेत टपाल देता येतं, पोचायला महिनाभर लागतो. तू गेल्याला सहा वर्षं झाली, तिथे महिन्याचं काय घेऊन बसलास.

त्याच बाईंनी सांगितलं की तू तिकडे लढाईत अर्धं पडलेलं इस्पितळ पुन्हा उभं करतो आहेस. भिंतीतल्या तारासुद्धा लोकांनी उपटून विकल्या होत्या म्हणे. ऐकून अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. मग बाजारातून येताना तुझ्या दवाखान्यावरून आले आणि तेवढाच राग आला. कौलं घसरली आहेत. 'डॉ. सुशांत मिराशी' ही पाटी एका खिळ्यावर लोंबते आहे आणि तपासायच्या टेबलाखाली कोणाची तरी शेळी व्यायली आहे. इथली माणसं ताप आला की एसटीने कणकवली गाठतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता कामाचं. अप्पा अंथरुणाला खिळले आहेत. गणपती गेल्यावर मागीलदारी पडले. मोडलं काही नाही, पण उठायचं मनच गेलं. छाती सारखी घरघरते. कणकवलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं, इथे ठेवून उपयोग नाही, घरी न्या. तुझं नाव ते अजून काढत नाहीत. पण टीव्हीवर सुदानचं काही लागलं की मला आवाज वाढवायला सांगतात. त्यांचे कान अगदी शाबूत आहेत.

आणि यंदा देव कौल देणार असं सगळे म्हणताहेत. मध्ये करोनात चुकली ती गावपळण यंदा होणार. हा शब्द वाचून तू पत्र खाली ठेवशील हे मला माहीत आहे, तर ठेवू नकोस. तीन रात्री अख्खं गाव वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कोणी आत राहायचं नाही. दुखणेकरीसुद्धा नाही. आईला नेलं तसंच अप्पांना न्यावं लागेल.

म्हणून विचारते, भाऊ म्हणून नाही, डॉक्टर म्हणून. या प्रकृतीत अप्पांना माळावरच्या झोपडीत न्यावं की नेऊ नये? तू नको म्हणालास तर मी दारात आडवी पडेन आणि त्यांना घरात ठेवेन. गाव काय करेल ते करो. तू 'ने' म्हणालास तर नेईन. पण उत्तर पाठव.

अक्का


२३ नोव्हेंबर २०२५

चि. सुशांत,

तुझं उत्तर आलेलं नाही. देवाचं आलं. देवदिवाळीला कौल लावला आणि पहिल्या झटक्यात देवाने उजवा, होकाराचा दिला. म्हणजे डिसेंबरच्या मध्याला निघायचं.

देवाचे मानकरी भाई गावकर घरी येऊन सांगून गेले. ते आता थकलेत, काठी घेऊन चालतात. त्यांनी अप्पांच्या खाटेपाशी बसून विचारलं की मिराशीबुवा, कणकवलीच्या इस्पितळात तीन दिवस राहता का, तेही वेशीबाहेरच आहे, देवाची ना नाही. मला वाटलं, चला, सुटले. अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

"गाव जाता थंय माका घेवन चल," ते म्हणाले. "माका मागे ठेवू नको गो."

मी तिथेच भाईंसमोर त्यांच्यावर चिडले. म्हटलं, आईचं झालं तेवढं पुरे नाही का. अप्पांनी तोंड भिंतीकडे केलं. म्हातारा माणूस रुसला की लहान पोर परवडलं.

आईचं मी काढलं, तर आता बोलूनच टाकते. सहा वर्षांत आपण तिघं त्यावर एक अक्षर बोललेलो नाही. तीन रात्रींनी परत जायचं होतं, चौथ्या सकाळी कौल झाला नाही, एक रात्र वाढली. तू आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर संपला. ऑक्सिजन बनवायचं मशीन घरात, आणि घर वेशीच्या आत. तू धावत निघालास आणि अप्पांनीच तुझा हात धरला. म्हणाले, थांब, उजाडताच देव कौल देतलो. देवाने दिलाही. आईला तो ऐकायला मिळाला नाही.

मग परतताना वेशीवर भाईंनी रीतीप्रमाणे एकेका घराचं नाव घेऊन विचारायला सुरुवात केली, सगळी आसत? सगळे आत गेल्याशिवाय गाव भरत नाही. कोणी बाहेर राहिला असेल तर तसं सांगायचं, आणि मग तो येईपर्यंत त्या घराच्या पुढच्या दाराला कडी घालायची नाही. ही दुसरी अट जड जाते, म्हणून मुंबईला जाऊन बापाला विसरलेल्या मुलांचे बापही 'आसत' म्हणून मोकळे होतात. आपलं नाव यायच्या आत तू पिशवी उचललीस. "जो गाव दुखणेकऱ्याक भायर काढता, त्या गावात माझो पाय लागाचो नाय," असं सगळ्यांसमोर म्हणालास आणि कणकवली स्टेशनची वाट धरलीस. तू वळणावर होतास तेव्हा आपलं नाव आलं. अप्पांनी तुझ्या पाठीकडे बघत "आसत" म्हटलं. घरी येऊन त्यांनी स्वतः कडी घातली. तुला हे माहीत नसेल म्हणून सांगितलं.

उत्तर पाठव रे. मला एकटीला हे ठरवता येत नाही.

अक्का


१० डिसेंबर २०२५

चि. सुशांत,

आज तुझं पत्र आलं. पाकीट इतकं मळलं होतं की पोस्टमन म्हणाला, बाई, हे हात धुवून उघडा. चुलीपाशी उभ्याने वाचायला घेतलं आणि निम्म्यावर खाली बसले.

तू लिहिलं आहेस: "अक्का, तिसऱ्या वॉर्डाचं दार आम्ही तोडून उघडलं. ज्यांना उचलून नेता आलं नाही ते आत होते. एका सकाळी गाव पळालं आणि ते राहिले. आम्ही भिंती रंगवल्या, खाटा नव्या आणल्या, पण परत आलेली माणसं आत पाऊल टाकत नाहीत. बाहेर कडुलिंबाखाली बसतात आणि मला बाहेर बोलावतात. त्यांना विचारलं, तर एक म्हातारी म्हणाली, आम्ही त्यांना टाकून गेलो, आता त्या दारातून कुठल्या तोंडाने जाऊ. अप्पांना मागे ठेवू नकोस. उचलून ने."

सगळ्यात आधी मला काय वाटलं ते सांगते. संताप आला. ही गोष्ट कळायला तुला इतक्या लांब जाऊन लढाई बघावी लागली? आपल्या गावात कोंबडीसुद्धा मागे ठेवत नाहीत हे तू लहानपणापासून बघतो आहेस. मग संताप गेला आणि त्या वॉर्डातल्या माणसांसाठी रडू आलं. आणि तुझ्यासाठीही आलं, कारण ते दार तोडताना तुझ्याबरोबर घरचं कोणी नव्हतं.

पण आईच्या वेळी तू चुकलास असं मी म्हणणार नाही. मशीन घरात होतं आणि आई माळावर होती. तू बरोबर होतास. आता सांगतोस तेही बरोबर. दोन्ही बरोबर असल्यावर माणसाने काय करायचं, ते मी शाळेत इतकी वर्षं शिकवलं तरी मला सांगता येणार नाही.

तर मी असं ठरवलं आहे. या वेळी आधी मशीन बाहेर जाईल, मग अप्पा. बाबली टेंपो देतो आहे. तुझा वर्गात मागे बसणारा बाबली. आता दोन टेंपोंचा मालक आहे आणि पोट सुटलंय. त्याने झोपडीत इन्व्हर्टर बसवला, वर जास्तीची बॅटरी. शिवाय भरलेला सिलिंडर. झोपडीला झावळ्यांच्या आतून जुनी सतरंजी मारली, वारा लागू नये म्हणून. बघायला येणारे हसतात की मिराशींनी माळावर नर्सिंग होम काढलं. हसू देत.

तू 'ने' म्हणालास म्हणून नेलं, असं मी पुढे कधी म्हणणार नाही. हे आत्ताच लिहून ठेवते.

एक सांगू? आत बसून त्या लोकांची वाट बघू नकोस. कडुलिंबाखाली जाऊन बस. आपणही देवाने सांगितल्याशिवाय स्वतःच्या घरात शिरत नाही, मग त्यांनी का शिरावं. मागे राहिलेल्यांची नावं कोणी घेतली आहेत का, ते त्या म्हातारीला विचार.

अक्का


१५ डिसेंबर २०२५, माळावरून

चि. सुशांत,

काल नौबत झाली आणि निघालो. अप्पांना खाटेसकट टेंपोत चढवलं. टेंपो वेशीतून जाताना त्यांनी हात जोडले आणि मग मला विचारलं की मागचं दार ओढलंस का, मांजर बाहेर काढलंस का. मांजर त्यांच्याच पायाशी गोधडीत होतं.

अप्पा बरे आहेत. मशीन चालू आहे. आईच्या वेळी तुटक बसलेली आपली झोपडी या वेळी भाईंनी मुद्दाम मध्यावर घेतली. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो. कोणी पेज आणतो, कोणी तिसऱ्या-शिंपल्यांची आमटी. ज्यांच्याशी बांधावरून अप्पांचं तोंड नव्हतं तेसुद्धा येऊन बसले. गावात असताना हीच माणसं एकमेकांच्या अंगणात पाऊल टाकत नाहीत आणि माळावर आली की शहाण्यासारखी वागतात. देव बहुतेक यासाठीच बाहेर काढत असेल. पण हे भाईंना सांगू नकोस, ते मला प्रवचन देतील.

संध्याकाळी मी वेशीपर्यंत चालत गेले. आत चिटपाखरू नव्हतं. एकाही घरातून धूर नाही, कुत्र्याचा आवाज नाही. तुझं ते सुदानातलं गाव तू तिथे गेलास तेव्हा असंच असेल असं वाटलं. फरक एवढाच की आम्हाला परत कधी जायचं ते माहीत असतं.

थंडी आहे, पण फार नाही. काळजी करू नकोस.

अक्का


१९ डिसेंबर २०२५

सुशांत,

अप्पा गेले. मुंबईच्या बाईंना मी त्याच दिवशी फोन केला होता. निरोप पोचवते म्हणाल्या. तुला आधीच कळलं असेल असं धरून लिहिते.

मागच्या पत्रात अप्पा बरे आहेत असं लिहिलं, ते तेव्हाही खरं नव्हतं. टेंपो थांबल्यापासून त्यांची छाती जास्त घरघरत होती. तुला इतक्या लांब ते कळून काय करता आलं असतं, म्हणून लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. मशीन चालू होतं. बॅटरी भरलेली होती, सिलिंडर तसाच उभा होता. कणकवलीला नेऊया म्हणून बाबलीने टेंपो दारात आणला, तर अप्पांनी खाटेची कड घट्ट धरली. आईच्या वेळी दोष द्यायला काहीतरी होतं. या वेळी काही नव्हतं रे. सगळं असून गेले. मी किती वेळ त्या मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले होते, आणि तो विझेना. शेवटी बाबलीने बटण बंद केलं.

घरात ठेवले असते तर जगले असते का, हे मी स्वतःला विचारते आणि तूही विचारशील. मला माहीत नाही. तुलाही नाही. आपण दोघं ते निम्मं निम्मं वाटून घेऊ.

सकाळी त्यांची जाण चांगली होती. मला जवळ बोलावून म्हणाले, "गेल्या खेपेक मी आसत म्हणून सांगलंय. तां खोटा होता. ह्या खेपेक तू खरा सांग." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्ही घरातले मोठे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मग दुपारी जाण गेली. बाबली पाय चेपत बसला होता. अप्पांनी त्याचा हात धरला आणि विचारलं, "सुशांता, इलंस रे?"

बाबलीने माझ्याकडे बघितलं. तो जाडा माणूस पुढे वाकला आणि म्हणाला, "इलंय, अप्पानू. हयच आसंय."

हे तुला सांगावं की नाही याचा मी खूप विचार केला. तुला लागेल. पण त्यांना तुझा हात मिळाला असं वाटलं, हेही तुला कळायला हवं. बाबलीशी कधी भेट झाली तर त्याला काही बोलू नकोस. तो तेव्हापासून माझ्यासमोर यायचं टाळतो.

स्मशान वेशीच्या आत, म्हणून त्यांना माळापलीकडे ओढ्याच्या काठावर नेलं. अग्नी मी दिला. काहींनी तोंडं वाकडी केली. भाईंनी काठी आपटली आणि सगळे गप्प झाले. अख्खं गाव होतं, एकही जण घरी नव्हता. कारण घरीच कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौल झाला आणि परत निघालो. खाट रिकामी, मांजर माझ्या काखेत. वेशीवर भाई नावं घेत होते आणि घरं आत जात होती. मी शेवटी राहिले.

"मिराशींचा घर, सगळी आसत?"

आधी मी 'आसत' म्हणायचं ठरवलं होतं. खरंच सांगते. एकटी बाई, वय साठीला आलेलं, आणि पुढचं दार कायमचं उघडं टाकायचं, ही काय चेष्टा आहे. अप्पांना काय जातंय सांगायला, ते सुटले, असंही मनात आलं. पण भाई थांबले होते आणि सगळं गाव वळून बघत होतं आणि तू गेलास ते वळण समोरच दिसत होतं.

"एक भायर आसा," मी म्हटलं.

भाईंना ऐकू आलं की नाही मला कळेना. मग ते हळूच म्हणाले, "अक्का, मगे दाराक कडी लावची नाय. माहिती आसा मां?"

मी हो म्हटलं.

अक्का


२५ जानेवारी २०२६

चि. सुशांत,

महिना उलटला. तुझं काही नाही.

मुंबईच्या बाईंना मी आता रोज फोन करते. त्या चिडत नाहीत, याचीच मला जास्त भीती वाटते. त्यांनी सांगितलं की अप्पांचा निरोप तुला पोचला होता, आणि तू "येतो" म्हणालास. तिसऱ्या वॉर्डात निरोपाच्या आदल्या दिवशी पहिली बाई बाळंत झाली, मुलगी झाली, तेवढं बघून तू दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीने निघालास. इस्पितळ चालू आहे म्हणाल्या. तुला मी तिथे आनंदाने पेढे पाठवले असते. मग त्यांचा आवाज बदलला. त्या रस्त्यावर पुन्हा लढाई सुरू झाली, गाड्या अडकल्या आहेत, फोन लागत नाहीत. म्हणजे तू निघाला आहेस आणि कुठेच पोचलेला नाहीस.

मी विचारलं, मग पत्र लिहू का नको? त्या म्हणाल्या, लिहा, बॅग जाते आहे. म्हणजे तू आहेस, असं मी धरलं आहे.

इकडचं सांगते. दार उघडं आहे. पहिल्या आठवड्यात मला झोप लागली नाही. बाहेरचा दिवा जळत ठेवून बसायची. शेजारची राधाबाई म्हणाली, नुसतं लोटून घे, कडी नको घालू, देवाला काय कळतंय. मी लोटलं, आणि अर्ध्या तासात उठून परत उघडलं. देवाला कळो न कळो, मला कळत होतं. आता ओटीवर एक भटका कुत्रा येऊन झोपतो आणि बाबली त्याचा टेंपो आपल्या अंगणात लावतो. त्याच्या अंगणात जागा नाही म्हणे. त्याचं अंगण तुला माहीत आहे, त्यात एसटी वळेल.

माणसं जाता-येता आत डोकावतात. आधी दार उघडं बघून येत, आता सवयीने येतात. कोणी तुझी चौकशी करतं, मी म्हणते, निघालाय. दवाखान्यातली शेळी मी हाकलली. कौलं काही चढवलेली नाहीत. ती मी चढवणार नाही. दवाखाना तुझा आहे, मला कशाला वर चढवतोस या वयात.

मी तुला कधी 'ये' म्हटलं नाही. गेलास तेव्हा अप्पांच्या भीतीने नाही, नंतर हट्टाने नाही, आणि पत्रांतसुद्धा विचारलं ते औषधपाण्याचं. आता म्हणते. मला भीती वाटते रे, सुशांत. रोज अंधार पडला की वाटते. चोराची नाही. हे दार असंच राहील आणि एक दिवस भाई काठी टेकत येतील आणि मला सांगतील की आता लावलंस तरी चालेल, याची वाटते.

त्यांनी तसं सांगितलं तरी मी लावणार नाही. ते तुझं काम आहे. ये, आणि आत आलास की तूच कडी घाल.

तुझी
अक्का